जन्मजात संसर्ग आणि डोळ्याच्या पडद्याखालील रक्तवाहिन्यांची अनिष्ट वाढ : निदान, उपचार व प्रतिबंध

आपल्या वस्तीतील एखाद्या मुलाला एका डोळ्याने नीट दिसत नाही असे आढळले, की "जन्मतःच दोष आहे, त्याला आता कोण काय करणार?" असे म्हणून विषय संपविला जातो. डोळ्याच्या डॉक्टरांनी कधी काळी पडद्यावर जुना व्रण असल्याचे सांगितलेले असते. तो व्रण भरलेला आहे, आता औषधाची गरज नाही, हेही सांगितलेले असते. आईवडील मनाची समजूत घालतात आणि मूल आहे त्या दृष्टीवर शाळेत जाऊ लागते. मग दहाव्या, बाराव्या किंवा अठराव्या वर्षी एक दिवस ते मूल म्हणते, "मला फळ्यावरच्या ओळी वाकड्या दिसतात." घरचे म्हणतात, "तुझा तो डोळा मुळातच कमजोर आहे." येथेच घात होतो. कारण हे वाकडे दिसणे जुन्या दोषाचे नसून नव्या आजाराचे लक्षण असू शकते, आणि या नव्या आजारावर आज उपचार आहे. मात्र तो वेळेवर व्हावा लागतो.

जन्मजात संसर्गामुळे डोळ्याच्या पडद्यावर झालेल्या जुन्या व्रणाशेजारी नव्या, अनिष्ट रक्तवाहिन्या वाढतात, त्या आजाराची माहिती वाचक बंधू-भगिनींना साध्या भाषेत करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. हा आजार नित्य आढळणारा नाही. परंतु ज्या घरात तो येतो त्या घरातील मुलाचे शिक्षण, नोकरी आणि स्वावलंबन पणाला लागते. म्हणून त्याची ओळख सर्वांना असणे अगत्याचे आहे.

डोळ्याचा पडदा व त्याची रचना

डोळ्याच्या आत, मागील बाजूस, एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. समोरच्या वस्तूची प्रतिमा या पडद्यावर उमटते आणि तेथून मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जाते. पडद्याच्या मध्यभागी एक लहानसा भाग आहे, त्यास पीतबिंदू असे नाव आहे. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, तांदळातील खडे निवडणे ही सारी बारीक कामे या पीतबिंदूच्या जोरावर होतात. पडद्याचा बाकीचा भाग बाजूचे दिसण्यासाठी असतो. पीतबिंदू बिघडला तर माणूस रस्त्याने चालू शकतो, पण बसवरची पाटी वाचू शकत नाही.

या पडद्याच्या मागे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असलेला दुसरा थर असतो. त्याला कोरॉइड म्हणतात. पडद्याच्या बाहेरच्या भागाला प्राणवायू व अन्न पुरविण्याचे काम हा थर करतो. या दोहोंच्या मध्ये ब्रूक या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी एक पातळ पापुद्र्यासारखी भिंत असते. शेताला जसा बांध, तशी ही भिंत होय. तिच्यामुळे मागील रक्तवाहिन्या पुढे पडद्याखाली शिरत नाहीत. हा बांध फुटला की काय होते, ते पुढे पाहू.

संसर्ग आईकडून बाळाकडे कसा जातो?

गर्भात असताना आईकडून बाळाला होणारे संसर्ग अनेक आहेत. त्यांपैकी डोळ्याच्या पडद्याचे सर्वाधिक नुकसान करणारा म्हणून टॉक्सोप्लाझ्मा या परोपजीवी जंतूचे नाव घ्यावे लागेल. हा जंतू साध्या डोळ्यांना दिसत नाही. १९०८ साली उत्तर आफ्रिकेतील ट्युनिस येथे निकोल व मान्सो या शास्त्रज्ञांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरे यांना तो सशात आढळला. त्याचा आकार धनुष्यासारखा वाकलेला असतो, म्हणून धनुष्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. १९२३ साली प्राग येथील यांकू या नेत्रतज्ज्ञाने एका अकरा महिन्यांच्या मृत बालकाच्या डोळ्याच्या पडद्यात या जंतूसारख्या गाठी पाहिल्या. १९३९ साली न्यूयॉर्क येथील वुल्फ, कोवेन व पेज यांनी हा संसर्ग जन्मापूर्वीच बाळाला होतो हे दाखवून दिले. १९४८ साली साबिन व फेल्डमन यांनी त्यासाठी रक्ताची तपासणी शोधली. हेच साबिन पुढे पोलिओच्या तोंडाने द्यावयाच्या लसीमुळे जगाला परिचित झाले. मांजर हे या जंतूचे मूळ घर आहे, हे मात्र १९७०च्या सुमारास स्पष्ट झाले.

मांजराला पहिल्यांदा संसर्ग झाला म्हणजे एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून या जंतूची असंख्य अंडी बाहेर पडतात. एक ते पाच दिवसांत ती संसर्ग करण्यायोग्य होतात आणि ओलसर मातीत वर्षभरही टिकून राहतात. ती मातीतून, न धुतलेल्या भाजीतून किंवा पाण्यातून माणसाच्या पोटात जातात. दुसरा मार्ग म्हणजे कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मांस, कारण शेळी, मेंढी, डुक्कर यांच्या स्नायूंत या जंतूच्या गाठी असतात. धडधाकट माणसाला संसर्ग झाला तर बहुधा काहीच कळत नाही. थोडा ताप, मानेला गाठी, एवढ्यावर भागते. परंतु स्त्रीला आयुष्यातील पहिला संसर्ग नेमका गरोदरपणात झाला, तर जंतू वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीस संसर्ग झाला तर तो बाळापर्यंत जाण्याचा संभव कमी असतो, पण गेला तर नुकसान फार मोठे होते. शेवटच्या महिन्यांत बाळापर्यंत जाण्याचा संभव पुष्कळ वाढतो, पण नुकसान बहुधा सौम्य असते. आईला तेराव्या आठवड्यात संसर्ग झाल्यास तो सुमारे १५ टक्के बाळांत पोहोचतो, तर छत्तिसाव्या आठवड्यात झाल्यास सुमारे ७० टक्के बाळांत, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेले प्रमाण आहे. यांतील बहुतेक बाळे जन्मताना निरोगी दिसतात. मेंदू आणि डोळ्याचा पडदा ही या जंतूची आवडती ठिकाणे. तेथे तो गाठीच्या रूपाने दडून बसतो आणि वर्षानुवर्षे गप्प राहतो.

जुना व्रण व नवे संकट

जंतू जागा झाला की पडद्याला व त्यामागील थराला सूज येते. सूज ओसरली की तेथे व्रण राहतो. जन्मजात संसर्गात हा व्रण पुष्कळदा नेमका पीतबिंदूवर किंवा त्याच्या शेजारी असतो. व्रणाच्या जागी पडदा पातळ झालेला असतो आणि आम्ही वर सांगितलेला ब्रूकचा बांध तुटलेला असतो.

बांध तुटला तरी लगेच पूर येतोच असे नाही. परंतु सूज असलेल्या किंवा प्राणवायू कमी पडलेल्या भागातून एक विशिष्ट प्रथिन तयार होते. त्याला व्हीईजीएफ असे संक्षिप्त नाव आहे. "येथे नव्या रक्तवाहिन्या पाठवा" असा जणू निरोपच हे प्रथिन देते. शरीरावरील जखम भरण्यासाठी हा निरोप उपयोगाचा असतो, डोळ्यात मात्र तो घातक ठरतो. निरोप मिळताच मागील थरातून कोवळ्या रक्तवाहिन्या बांधाच्या फटीतून वर येतात आणि पडद्याखाली पसरतात. या नव्या वाहिन्या कच्च्या असतात. त्या पाझरतात, फुटतात, रक्तस्राव होतो. पडदा उचलला जातो आणि प्रतिमा वेडीवाकडी दिसू लागते. उपचार न झाल्यास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तेथे जाड व्रण तयार होतो व मधली दृष्टी कायमची जाते.

रुबेला म्हणजे जर्मन गोवर या आजाराचाही येथे उल्लेख केला पाहिजे. गरोदरपणी आईला रुबेला झाल्यास बाळाला मोतीबिंदू होतो हे ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ ग्रेग यांनी १९४१ साली जगाच्या नजरेस आणले. अशा मुलांच्या पडद्यावर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे ठिपके असतात, आणि त्यांच्यातही मोठेपणी क्वचित अशाच अनिष्ट रक्तवाहिन्या वाढतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांत रक्तवाहिन्यांची जी वाढ होते, तो आजार वेगळा आहे. तो संसर्गाने होत नाही आणि त्याची तपासणी जन्मानंतर पहिल्या महिन्यातच करावी लागते. दोन्हींची गल्लत करू नये.

लक्षणे व घरी करण्याजोगी परीक्षा

पडद्यावर जुना व्रण असलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांनी पुढील लक्षणे ध्यानात ठेवावीत :

१. सरळ रेषा वाकड्या, लाटेसारख्या किंवा तुटलेल्या दिसणे.
२. नजरेच्या मधोमध काळा किंवा करडा डाग येणे.
३. पूर्वी वाचता येत असलेली अक्षरे अचानक वाचता न येणे.
४. डोळ्यापुढे जाळी, काजळी किंवा धुके तरंगत असल्याचा भास होणे, डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे. ही जंतू पुन्हा जागा झाल्याची खूण असू शकते.

लहान मूल तक्रार करीत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याला दिसत असते. म्हणून एक डोळा झाकून परीक्षा करावी. स्वित्झर्लंडमधील नेत्रतज्ज्ञ आम्सलर यांनी यासाठी चौकटींचा कागद तयार केला, तो आजही जगभर वापरतात. तो नसला तरी काही अडत नाही. मुलाच्या गणिताच्या वहीतील चौकटींचा कागद घ्यावा, मध्यभागी पेनाने ठळक ठिपका काढावा, कागद एक हात अंतरापेक्षा थोडा जवळ धरावा. चष्मा असेल तर तो घालावा. एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहावे. सर्व रेघा सरळ दिसतात का, एखादी चौकट गायब आहे का, ते विचारावे. मग दुसरा डोळा तपासावा. खिडकीचे गज, दाराची चौकट, फरशीच्या रेषा यांचाही असाच उपयोग होतो. आठवड्यातून एकदा ही परीक्षा करण्यास दोन मिनिटे पुरतात. ज्यांच्या व्रणामुळे काही रेघा पूर्वीपासूनच पुसट दिसतात, त्यांनी तेवढा भाग कागदावर खूण करून ठेवावा. त्यात बदल झाला तर तो बदल महत्त्वाचा.

बदल जाणवल्यास पुढच्या महिन्यातील शिबिराची किंवा दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहू नये. दोन-चार दिवसांत पडद्याच्या आजारांच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे रेटिना विभागात, जावे. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून हा आजार जात नाही.

निदान कसे होते?

डॉक्टर प्रथम थेंब घालून बाहुली मोठी करतात व पडदा तपासतात. थेंबांमुळे चार-सहा तास अंधुक दिसते, त्यामुळे सोबत कोणीतरी असावे. त्यानंतर ओसीटी नावाची तपासणी होते. १९९१ साली जगापुढे आलेल्या या यंत्राने पडद्याचा उभा छेद चित्रात दिसतो, पडद्याखाली पाणी किंवा रक्त साचले आहे का ते कळते. यात सुई नाही, दुखणे नाही, काही मिनिटांचे काम. गरज पडल्यास हातातील शिरेतून पिवळसर रंगद्रव्य देऊन पडद्याचे फोटो काढतात. त्यावरून कोणती वाहिनी पाझरते ते ओळखता येते. त्या दिवशी लघवी गडद पिवळी होते, त्याने घाबरून जाऊ नये. व्रण ताजा आहे की जुना, सूज संसर्गाची आहे की नव्या वाहिन्यांची, की दोन्हींची, हे ठरविणे येथे फार महत्त्वाचे असते, कारण त्यावरच उपचार अवलंबून असतो.

उपचार : लेझरपासून इंजेक्शनपर्यंत

१९८०च्या दशकात या अनिष्ट वाहिन्या लेझरच्या उष्णतेने जाळण्याची पद्धत होती. वाहिन्या बंद होत, पण जळालेल्या जागी पडद्याचाही तेवढा भाग जाई. वाहिनी पीतबिंदूच्या मधोमध असेल तर तो उपचार करणे म्हणजे दृष्टी वाचविण्यासाठी दृष्टीच गमावणे. पुढे २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेली दुसरी पद्धत आली. तीत शिरेतून प्रकाशाने कार्यान्वित होणारे औषध देऊन मग थंड लेझर सोडतात. तिने नुकसान कमी झाले, तरी गेलेली दृष्टी परत येण्याचे प्रमाण बेताचेच होते.

खरा बदल घडला तो व्हीईजीएफ या प्रथिनालाच रोखणाऱ्या औषधांमुळे. बॉस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले होते की, कर्करोगाच्या गाठी नव्या रक्तवाहिन्यांवर जगतात, त्या वाहिन्या रोखल्या तर गाठ उपाशी मरेल. त्या वेळी पुष्कळांना ते पटले नव्हते. १९८९ साली नेपोलिओने फेरारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ वेगळे काढले. त्याला पकडून ठेवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले. डोळ्यासाठी खास तयार केलेले रॅनिबिझुमॅब हे २००६ साली मान्य झाले. दरम्यान २००५ मध्ये मायामीचे नेत्रतज्ज्ञ फिलिप रोझेनफेल्ड यांनी कर्करोगाचे स्वस्त औषधच अत्यल्प मात्रेत डोळ्यात देऊन पाहिले व ते लागू पडले. म्हातारपणी पीतबिंदूला होणाऱ्या आजारात ही दोन्ही औषधे जवळजवळ सारखीच परिणामकारक असल्याचे २०११ साली अमेरिकेतील मोठ्या तुलनात्मक अभ्यासातून दिसून आले. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने बेव्हासिझुमॅबला डोळ्याच्या उपचारासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

जन्मजात टॉक्सोप्लाझ्माच्या रुग्णांचा प्रश्न मात्र निराळा होता, कारण तेथे वाहिन्यांच्या जोडीला जंतूही असतो. शिकागो येथे डॉ. रीमा मॅक्लिओड यांच्या नेतृत्वाखाली १९८१ पासून जन्मजात टॉक्सोप्लाझ्मा झालेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास चालला आहे. या गटाने २००८ साली थोड्या रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्या डोळ्यांत रॅनिबिझुमॅबचे इंजेक्शन दिले आणि त्याच वेळी जंतूविरुद्धची औषधेही पोटातून दिली. वाहिन्यांची वाढ मागे हटली व दृष्टी सुधारली. रुग्णसंख्या लहान असली तरी यातून मिळालेला धडा मोठा आहे. तो म्हणजे पाणी आले तर पाणी उपसावे आणि पाइपाची गळतीही बंद करावी. केवळ इंजेक्शन देऊन जंतूकडे दुर्लक्ष करणे किंवा केवळ गोळ्या देऊन वाहिन्या वाढू देणे, दोन्ही अपुरे.

इंजेक्शनविषयी मनातील भीती

डोळ्यात इंजेक्शन म्हटले की अंगावर काटा येतो. आम्हाला याविषयी अनेक पालकांनी विचारले आहे. म्हणून ते कसे देतात ते सांगतो. शस्त्रक्रियागृहात किंवा तशाच स्वच्छ खोलीत डोळ्यात भुलीचे थेंब घालतात. जंतुनाशक द्रावणाने डोळा व पापण्या स्वच्छ करतात. केसासारख्या बारीक सुईने, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतरावर, पांढऱ्या भागातून औषध देतात. औषधाची मात्रा एका थेंबाएवढी, ०.०५ मिलिलिटर असते. सुई आत-बाहेर होण्यास काही सेकंद लागतात. थोडा दाब जाणवतो. लहान मुलांना मात्र पूर्ण भूल देऊन हे करावे लागते. त्याच दिवशी घरी जाता येते.

पांढऱ्या भागावर लाल डाग पडणे, दोन दिवस खुपल्यासारखे वाटणे हे स्वाभाविक आहे. परंतु पुढील काही दिवसांत डोळा जास्त दुखू लागला, लाली वाढली, किंवा दिसणे कमी झाले, तर तासाचाही विलंब न करता त्याच रुग्णालयात जावे. डोळ्याच्या आत पू होण्याचा धोका हजारो इंजेक्शनांत एखाद्यालाच असतो, पण तो झाल्यास तातडीचा असतो. इंजेक्शननंतर काही दिवस डोळ्यात पाणी, काजळ, धूळ जाऊ देऊ नये व डोळा चोळू नये.

एका इंजेक्शनने काम संपते असे समजू नये. साधारणतः महिन्याने पुन्हा ओसीटी करून पुढचे इंजेक्शन द्यायचे की नाही ते ठरवितात. म्हातारपणीच्या आजारापेक्षा या रुग्णांना बहुधा कमी इंजेक्शने लागतात. "आता बरे दिसते" म्हणून तपासणी सोडून देणे हीच या उपचारातील मोठी चूक ठरते.

खर्चाबाबतही दोन शब्द. मूळ कंपनीचे औषध महाग आहे. परंतु अहमदाबाद येथील इंटास कंपनीने बनविलेले रॅनिबिझुमॅबचे भारतीय रूप २०१५ पासून उपलब्ध झाले आहे व बेव्हासिझुमॅब त्याहूनही स्वस्त पडते. धर्मादाय व सरकारी रुग्णालयांत आधी विचारणा करावी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्या उपचाराचा समावेश होतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून कागदपत्रांसह समजून घ्यावे. पैशाची जमवाजमव होईपर्यंत थांबण्यात जो काळ जातो, त्यातच पडद्याचे नुकसान होते.

जंतूविरुद्ध औषधे

जागृत संसर्गावर पायरिमेथामिन व सल्फाडायझिन ही जोडी अनेक वर्षांपासून वापरात आहे. काही रुग्णांत ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथोक्साझोल ही आपल्याकडे सहज मिळणारी गोळी देतात. पायरिमेथामिनमुळे रक्तातील पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते व सोबत फोलिनिक ॲसिड द्यावे लागते. गरोदरपणात मिळणारी साधी फॉलिक ॲसिडची गोळी त्याऐवजी चालत नाही. ती जंतूच्याच उपयोगी पडून औषधाचा परिणाम कमी करू शकते. सूज कमी करण्यासाठी स्टेरॉइड देतात, पण ते जंतूविरोधी औषधाच्या आच्छादनाखालीच. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइड घेतल्यास जंतू मोकाट सुटतो व डोळा गमावण्याची पाळी येते.

आज मिळणारी औषधे जागृत जंतूला मारतात, गाठीतील झोपलेल्या जंतूला नाही. त्यामुळे आजार पुन्हा उद्भवू शकतो. तरीही लवकर उपचाराचे मोल फार आहे. जन्मजात संसर्ग झालेल्या बाळाला पहिले वर्षभर औषध देतात. शिकागो गटाच्या २००८ मधील अहवालांनुसार, पहिल्या वर्षी उपचार मिळालेल्या मुलांपैकी सुमारे ३१ टक्के मुलांच्या डोळ्यांत पुढे नवे व्रण दिसले. ज्यांना पहिल्या वर्षी उपचार मिळाले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ७२ टक्के होते. हे आकडेच पुरेसे बोलके आहेत.

टॉर्च तपासणीचा योग्य अर्थ

आपल्याकडे गर्भपात झाला की टॉर्च नावाची रक्ततपासणी करण्यास सांगतात आणि अहवालात टॉक्सोप्लाझ्माच्या पुढे पॉझिटिव्ह दिसले की घरात सुनेकडे बोट दाखविले जाते. यासाठी पुढील गोष्ट प्रत्येक घराने समजून घ्यावी. आयजीजी पॉझिटिव्ह याचा अर्थ संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला आहे. धडधाकट स्त्रीच्या बाबतीत ही बहुधा दिलासा देणारी बाब आहे, कारण तिच्या शरीरात संरक्षण तयार झालेले असते. आयजीएम पॉझिटिव्ह आले तरी संसर्ग ताजाच असेल असे नाही, ते महिनोन्‌महिने तसेच राहू शकते. म्हणून ॲव्हिडिटी नावाची पुढची तपासणी करून संसर्गाचा काळ ठरवितात. वारंवार होणाऱ्या गर्भपातांचे कारण सहसा टॉक्सोप्लाझ्मा नसतो. एका कागदावरून स्त्रीला दोषी धरणे हे अज्ञानाचे व अन्यायाचे लक्षण आहे.

गरोदरपणात खरोखरच ताजा संसर्ग असल्याचे सिद्ध झाले तर स्पायरामायसिनसारखे औषध व सोनोग्राफीची देखरेख यांचा उपयोग होतो. ऑस्ट्रियाने १९७५ पासून व फ्रान्सने १९७८ पासून सर्व गरोदर स्त्रियांची तपासणी सुरू केली. आपल्याकडे अशी सार्वत्रिक तपासणी नसल्यामुळे प्रतिबंधावरच भर देणे शहाणपणाचे आहे.

प्रतिबंध आपल्या हाती

१. मटण व इतर मांस आतपर्यंत नीट शिजवावे. शिजत असताना चव पाहण्यासाठी अर्धे कच्चे मांस तोंडात टाकू नये.
२. कच्चे मांस कापल्यावर विळी, सुरी, लाकडी फळी व हात साबणाने धुवावेत. त्याच विळीवर लगेच कोशिंबिरीची काकडी चिरू नये.
३. कोथिंबीर, मेथी, गाजर, मुळा वाहत्या पाण्याखाली माती जाईपर्यंत धुवावेत.
४. पाण्याची खात्री नसेल तर ते उकळून प्यावे. तमिळनाडूतील कोईमतूर येथे २००४-०५ मध्ये डोळ्यांच्या टॉक्सोप्लाझ्माची साथ आली, तेव्हा शहराच्या पाणीपुरवठ्यावरच संशय घेतला गेला होता.
५. बांधकामाच्या वाळूच्या ढिगात मांजरे घाण करतात व त्यातच आपली मुले खेळतात. वाळू झाकून ठेवावी, मुलांचे हात धुवावेत.
६. गरोदर स्त्रीने मांजराची घाण काढू नये, ते काम घरातील इतरांनी रोजच्या रोज करावे. मातीत काम करावे लागत असेल तर हातमोजे घालावेत. मात्र मांजराला मारणे किंवा हाकलून देणे याची मुळीच आवश्यकता नाही. मांजराला कच्चे मांस न देता घरचे शिजलेले अन्न द्यावे.
७. रुबेलापासून बचावासाठी बालकांना गोवर-रुबेलाची लस न चुकता द्यावी. २०१७ पासून ती आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट झाली आहे.

दृष्टी कमी राहिली तर

सर्व उपचार करूनही काही मुलांची दृष्टी कमी राहते. तरी हातपाय गाळू नयेत. लहान वयात चांगला डोळा रोज काही काळ झाकून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमजोर डोळ्याला वळण लावता येते. व्रण पाहून वाटते त्याहून अधिक दृष्टी अशा डोळ्यांना मिळाल्याची उदाहरणे आहेत. शाळेत पुढच्या बाकावर बसविणे, मोठ्या अक्षरांची पुस्तके, भिंग, दुर्बिणीचा चष्मा यांनी पुष्कळ काम होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील मुलांची तपासणी होते, तेव्हा मुलाला घरी ठेवू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीचाही समावेश आहे. निकषात बसत असल्यास प्रमाणपत्र काढून घ्यावे. परीक्षेतील सवलती, शिष्यवृत्ती व नोकरीतील जागा हा मुलाचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

सारांश, जुना व्रण म्हणजे संपलेली गोष्ट नव्हे. त्याच्यावर आयुष्यभर नजर ठेवावी लागते, आणि नजर ठेवली तर दृष्टी वाचविण्याचे साधन आज आपल्या हाताशी आहे. ज्यांच्या घरात, शेजारात किंवा नात्यात असे मूल आहे, त्यांच्यापर्यंत ही माहिती वाचकांनी पोहोचवावी, चौकटींचा कागद भिंतीवर लावून द्यावा, आणि रेघ वाकडी दिसल्याचे कळताच त्या मुलाला रुग्णालयात नेण्यास सोबत जावे. यातून एका जरी मुलाचा डोळा वाचला तरी आमच्या या लेखनाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.